माहेरचा फोन, डॉक्टरचा फोन

२०२० सालच्या एप्रिलचा शेवट. टाळेबंदीला महिना उलटून गेला होता. आमच्या केंद्राला कुलूप होतं, म्हणून केंद्राचा मदतीचा फोन मी घरी आणून ठेवला होता. एका दुपारी तो वाजला आणि पलीकडून एक बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, बोलतेस का?"

मला वाटलं, चुकून लागला असेल. तसं सांगणार, तेवढ्यात ती घाईनं म्हणाली, "मी त्या शिबिराला आले होते ना, तिथं नंबर दिला होतास." मग लक्षात आलं. ती गच्चीवर वाळवण राखायला बसली होती. घरात नवरा, दीर, सासू-सासरे, सगळे चोवीस तास हजर. फोन नवऱ्याचा. दुपारच्या त्या अर्ध्या तासात, माहेरी बोलते असं सांगून, तिनं तो मागून घेतला होता.

पाळी चुकली होती. धाकटं मूल आठ महिन्यांचं. जाऊबाईंनी कुठल्याशा मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. खोकं नाही, आतला कागद नाही, नुसत्या पाच गोळ्या. कशा घ्यायच्या ते कुणी सांगितलं नाही, म्हणून हिनं पाचही एकदम घेतल्या. आदल्या दिवसापासून अंगावरून जात होतं आणि ती घाबरली होती. एसटी बंद, गावाच्या वेशीवर काटे टाकलेले. तालुक्याला जायचं तर पोलिसांचा पास हवा आणि पासावर कारण लिहायला हवं.

आमच्या गटाची एक स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रीण आहे. तिला मी त्याच फोनवर जोडून घेतलं. तेवढ्यात सासूबाई गच्चीवर आल्या. आता ही काय बोलणार? पण डॉक्टर मैत्रीण हुशार. ती म्हणाली, "तू फक्त हो किंवा नाही म्हण. तासाला दोन मोठ्या घड्या पूर्ण भिजताहेत का, तेही सलग दोन तास?" "नाही गं आई." "ताप, चक्कर?" "नाही." "पोटात एकाच बाजूला जोराची कळ? खांद्यात दुखतंय?" "नाही नाही, सगळं ठीक आहे इकडे." "तांबी बसवलेली आहे?" "नाही." "शेवटची पाळी शिवरात्रीनंतर आली होती ना?" "हो, होळीच्या आधी." सासूबाईंना वाटलं असेल, आई सणावारांचं विचारतेय.

अकरा मिनिटांचा फोन. काय झालं तर ताबडतोब निघायचं, कुठं जायचं, तिथं काय सांगायचं, एवढं त्यात बसलं. पुढचे चार दिवस ती मिस्ड कॉल द्यायची आणि मी 'मावशी' होऊन फोन करायची. ती निभावली. (तिला विचारून हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हे यशाची गोष्ट म्हणून सांगत नाही. ती निभावली यात नशिबाचा वाटा मोठा होता. पण एक गोष्ट मनातून जात नाही. डॉक्टर मैत्रिणीनं जे पाच प्रश्न गोळ्या घेतल्यानंतर विचारले, ते सगळे प्रश्न गोळ्या घेण्याआधी विचारता आले असते. त्याच फोनवर, त्याच अकरा मिनिटांत. ते का झालं नाही? आणि आज, टाळेबंदी उठून इतकी वर्षं झाल्यावर, तशीच वेळ दुसऱ्या बाईवर आली तर ते होईल का? या प्रश्नावर आपल्या गटांनी बोलायला हवं असं मला वाटतं.

दवाखाना फोनवर आला, आपला प्रश्न मात्र बाहेरच राहिला

ज्या दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली, त्याच २५ मार्च २०२० या दिवशी केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तोवर डॉक्टरनं फोनवर तपासून औषध लिहून देणं कायदेशीर की बेकायदेशीर, हे नीट स्पष्ट नव्हतं. ते या सूचनांनी स्पष्ट केलं. १३ एप्रिलला 'ई-संजीवनी'ची घरबसल्या सल्ल्याची सेवा सुरू झाली. २०२३ च्या सुरुवातीला या सेवेनं दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला आणि सल्ला घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत, असं सरकारनंच सांगितलं. म्हणजे बायकांना फोनवरचा दवाखाना नको होता असं मुळीच नाही. दवाखान्यात जायला बरोबर कुणी नाही, मजुरी बुडते, पोराला कुठं ठेवायचं, हे प्रश्न महामारीच्या आधीपासून बायकांचेच आहेत.

याच महिन्यात केंद्रीय आरोग्य खात्यानं गर्भपाताची सेवा ही अत्यावश्यक सेवा म्हणून चालू ठेवावी असंही कळवलं. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयं कोविडसाठी राखली गेली, खाजगी दवाखाने बंद होते, गाड्या नव्हत्या. 'आयपास डेव्हलपमेंट फाउंडेशन' या संस्थेनं मे २०२० मध्ये अंदाज काढला. टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशात जे सुमारे ३९ लाख गर्भपात एरवी झाले असते, त्यांपैकी साडेअठरा लाख स्त्रियांची वाट अडली. त्यांपैकी किती जणींनी नको असलेलं बाळंतपण सोसलं आणि किती जणींनी आमच्या या मैत्रिणीसारख्या खोक्याविना गोळ्या गिळल्या, त्याची मोजदाद कुठंही नाही.

आता कायद्याकडे पाहू. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. ज्या समितीच्या अहवालावरून तो झाला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. गर्भपाताच्या गोळ्यांना आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. आज नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो, पण तो कायद्यानं पात्र ठरवलेल्या डॉक्टरनंच करून द्यायचा. नर्सबाईंना, आयुर्वेदाच्या डॉक्टरांना ती मुभा नाही. २०१४ च्या मसुद्यात ती द्यायचा विचार होता, नंतर तो गळाला. आणि टेलिमेडिसिनच्या २०२० च्या सूचनांत या गोळ्यांबद्दल एकही स्पष्ट वाक्य नाही. 'चालेल' असंही नाही, 'चालणार नाही' असंही नाही. जिथं कायदा गप्प असतो, तिथं डॉक्टर घाबरतो आणि बाईला सांगतो, "प्रत्यक्ष या."

योगायोग पाहा. या कायद्याची दुरुस्ती लोकसभेनं १७ मार्च २०२० ला मंजूर केली, टाळेबंदीच्या आठवडाभर आधी. राज्यसभेनं ती १६ मार्च २०२१ ला मंजूर केली. मधलं संपूर्ण वर्ष महामारीचं. त्या वर्षात देशातल्या बायकांवर काय गुदरलं हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्या दुरुस्तीनं काही चांगल्या गोष्टी केल्या. वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरेसं झालं, काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली, नाव फोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली. पण फोनवरच्या सल्ल्याबद्दल एक ओळ घालावी असं कुणाला वाटलं नाही.

गोळ्या घरीच घेतल्या जातात, आजही

"अशा गोळ्या फोनवर विचारून घरी घेणं धोक्याचं नाही का?" हा प्रश्न आपल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, आणि तो विचारायलाच हवा. त्याआधी आपल्याकडची वस्तुस्थिती पाहू. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १५ लाख, दवाखान्याच्या बाहेर गोळ्या घेऊन झाले. याचा अर्थ गोळ्या घरी घ्याव्यात की नाही हा वाद बायकांनी केव्हाच निकालात काढला आहे. त्या घेताहेत. प्रश्न इतकाच उरतो की घेताना त्यांच्याशी कुणी जाणकार माणूस बोलतं का, की मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगाच त्यांचा डॉक्टर?

मग सुरक्षिततेचं काय? याचं उत्तर महामारीनंच दिलं, मात्र ते मिळालं ब्रिटनमध्ये. तिथल्या आरोग्य खात्यानं २३ मार्च २०२० रोजी घरी गोळ्या घ्यायला परवानगी जाहीर केली आणि त्याच दिवशी मागे घेतली. स्त्री-संघटना आणि डॉक्टरांच्या संघटना गप्प बसल्या नाहीत. आठवड्यात, ३० मार्चला, इंग्लंडमध्ये परवानगी पुन्हा आली. दहा आठवडे पूर्ण होईपर्यंत फोनवर सल्ला आणि दोन्ही प्रकारच्या गोळ्या घरी. पाळीची तारीख नक्की सांगता येत असेल आणि धोक्याचं लक्षण नसेल, तर सोनोग्राफीसुद्धा नाही.

पुढे ५२ हजारांहून अधिक गर्भपातांची पाहणी झाली. पहिल्या पद्धतीनं झालेले आणि नव्या पद्धतीनं झालेले यांची तुलना केली गेली. थांबण्याचा काळ सरासरी १०.७ दिवसांवरून ६.५ दिवसांवर आला. सहा आठवड्यांच्या आतच मोकळ्या झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे अगदी नगण्य, हजारात एकीलाही नाही. गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत राहण्याचं प्रमाणही दोन्हीकडे सारखंच, हजारात दोन. म्हणजे फोनमुळे धोका वाढला नाही, उलट दिवस वाचले. आणि गर्भपातात वाचलेला प्रत्येक दिवस म्हणजे कमी रक्तस्राव, कमी दुखणं. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही टेलिमेडिसिन हा प्रत्यक्ष भेटीला योग्य पर्याय असल्याचं आपल्या मार्गदर्शनात सांगितलं.

तरीही ब्रिटिश सरकारनं २०२२ च्या सुरुवातीला ही सोय बंद करायचं ठरवलं होतं. ३० मार्च २०२२ ला संसदेत मतदान झालं आणि २१५ विरुद्ध १८८ अशा मतांनी ती कायम झाली. फरक फक्त सत्तावीस मतांचा. महामारीत मिळालेलं काहीही आपोआप टिकत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टाळेबंदीत फोनवर दिवस कमी सांगून गोळ्या मिळवलेल्या एका स्त्रीला २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. तिला आठवा महिना लागलेला होता. वरच्या न्यायालयानं महिन्याभरात शिक्षा कमी करून तिला सोडलं. दुसऱ्या एका प्रकरणात एका पुरुषानं भलत्याच बाईकडून गोळ्या मागवून त्या एका गर्भवती स्त्रीला नकळत दिल्या. त्याला २०२४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. विरोधक ही दोन्ही उदाहरणं सतत देतात. मला त्यांतून वेगळं दिसतं. दुसऱ्या प्रकरणात जुलूम पुरुषाचा होता आणि जुलूम करणाऱ्याला गोळ्या मिळवायला फोनची गरज नसते. आपल्याकडे तर त्या खोक्याशिवाय मिळतात. पहिल्या प्रकरणात जो कायदा त्या बाईवर चालवला, तो १८६१ चा. त्याच काळात, १८६० मध्ये, इंग्रजांनी आपल्याला भारतीय दंड विधान दिलं. त्यात स्वतःचा गर्भपात करणारी बाई गुन्हेगार होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये ती अजूनही गुन्हेगारच आहे. जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या लोकसभागृहानं अशा बायकांवर खटले भरू नयेत म्हणून मोठ्या बहुमतानं मत दिलं. आपण मात्र कायद्याची पाटी नवी केली आणि आतलं कलम तसंच ठेवलं.

आपला संशय कुठं योग्य, कुठं चुकीचा

नव्या तंत्रज्ञानाकडे आपली चळवळ संशयानं पाहते, आणि ते उगाच नाही. १९८० च्या दशकात इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांची चाचणी बायकांना धड माहिती न देता चालली होती. तेव्हा स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भजलपरीक्षेविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. तेव्हापासून आपला एक प्रश्न ठरलेला आहे: हे यंत्र कुणाच्या हातात आहे? तो प्रश्न आजही विचारायचाच.

पण एका ठिकाणी आपली गल्लत होते. लिंगनिवडीला विरोध करता करता आपण गर्भपातालाच विरोध करतो की काय, असं वातावरण तयार झालं. 'भ्रूणहत्या' हा शब्द आपल्याच फलकांवर होता. २०११ च्या जनगणनेतले मुलींचे आकडे पाहून महाराष्ट्रात अधिकाऱ्यांनी मेडिकलच्या दुकानांवर गर्भपाताच्या गोळ्यांसाठी धाडी घातल्या आणि अनेक दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. साधा हिशोब करू. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसायला साधारण बारा-तेरा आठवडे उलटावे लागतात. मग गोळ्यांवर धाड घालून मुली कशा वाचणार? धाड सोनोग्राफीवर घाला. गोळ्या अडवल्या की बाई थांबत नाही. ती उशिरा जाते, नाहीतर चोरवाटेनं जाते.

आणखी एक भीती खरी आहे. फोनवरचा दवाखाना आला की प्राथमिक केंद्रातली डॉक्टरची जागा रिकामी ठेवायला सरकारला निमित्त मिळेल. "डॉक्टर पडद्यावर आहेत ना!" गोळ्यांनी गर्भपात करणाऱ्या काही थोड्या जणींना नंतर पिशवी साफ करून घ्यावी लागते, क्वचित रक्त द्यावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयातल्या आपल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा देशात फोनच्या मागे चालू असलेलं ग्रामीण रुग्णालय नसेल, तर तो फोन म्हणजे फसवणूक आहे. म्हणून दोन्ही एकदम मागायला हवं.

फोन कुणाचा?

आता मूळ मुद्दा. याच पाहणीनुसार (२०१९ ते २१) देशातल्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल आहे, खेड्यांत ४७ टक्क्यांकडे. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. उरलेल्या बायकांचा डॉक्टर नवऱ्याच्या खिशात असतो. ॲप उघडायला ओटीपी येतो तो त्याच्या नंबरवर. पैसे भरले की संदेश जातो त्याला. डॉक्टरनं लिहून दिलेलं येतं त्याच्या व्हॉट्सॲपवर. आमच्या या मैत्रिणीनं आम्हाला फोन करण्याआधी एका ॲपवर डॉक्टर गाठला होता. नवरा पाठीशीच बसलेला. हिला नीट बोलता येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मिस्टर आहेत का जवळ? त्यांना द्या." तिनं सर्दीचं औषध विचारलं आणि फोन ठेवला.

तो एका डॉक्टरचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. २०२० च्या सूचना पाहा. अल्पवयीन मुलीला फोनवर सल्ला हवा असेल तर सोबत सज्ञान माणूस पाहिजे, आणि त्याची ओळख पटली पाहिजे. ज्या मुलीवर घरातच अत्याचार झाला आहे तिनं कुणाला सोबत बसवायचं? नातेवाइकानं नात्याचा पडताळलेला कागद दाखवला तर बाई समोर नसतानाही तो तिच्या वतीनं सल्ला घेऊ शकतो, अशीही एक वाट त्यात आहे. गर्भपाताचा कायदा मात्र उलट सांगतो. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची लागत नाही. एका कायद्यानं दिलेला हक्क दुसऱ्या नियमाच्या दारातून असा निसटतो.

दवाखान्याला निदान एक दार असतं. नर्सबाई नवऱ्याला म्हणू शकते, "तुम्ही बाहेर थांबा." फोनला दार नसतं. ते दार आपल्याला बनवावं लागेल. त्या दुपारी आमच्या डॉक्टर मैत्रिणीनं ते बनवलं, हो आणि नाही या दोन शब्दांचं. तिला हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेलं नव्हतं. बायका पिढ्यान्‌पिढ्या माहेराशी अशाच बोलत आल्या आहेत, ते तिला ठाऊक होतं. फोनवरच्या दवाखान्यानं बायकांकडून शिकायचं आहे ते हेच.

आपण काय मागायचं

पहिलं, गर्भपात कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहा की नऊ आठवड्यांपर्यंत पात्र डॉक्टर फोनवर तपासून गोळ्या देऊ शकतो. प्रत्यक्ष जायचं की फोनवर बोलायचं हे ती बाई ठरवील. गोळ्या प्राथमिक केंद्रातून बंद पाकिटात मिळाव्यात, मराठी कागदासह. आशाताईंमार्फत हव्या असतील तर तसं. पण आशाताई कधी आपल्याच भावकीतली असते, म्हणून ती सक्ती नको.

दुसरं, साधा फोन पुरे. ॲप, ओटीपी, चेहरा दाखवणं यांची अट नको. डॉक्टरचा पहिला प्रश्न "आत्ता एकटी आहात का? हो की नाही?" हाच असावा. नाही असेल तर तिच्या सोयीच्या वेळी पुन्हा फोन. संदेश, पावती, नोंद काहीही तिच्या इच्छेशिवाय त्या नंबरवर जाऊ नये.

तिसरं, अल्पवयीन मुलींसाठीची सोबतीची अट बदला. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे की मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना मुलीची ओळख उघड करण्याची गरज नाही. ते तत्त्व फोनलाही लावा, आणि पालकांचीच भीती असलेल्या मुलीसाठी वेगळी वाट काढा.

चौथं, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पिशवी साफ करण्याची सोय आणि रक्त चोवीस तास हवं. रक्तस्राव होत असलेल्या बाईला "गोळ्या कुणी दिल्या?" असं दरडावून विचारणं बंद व्हायला हवं. आणि कलम ८८ मधून बाईला गुन्हेगार ठरवणारा भाग काढायला हवा.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आपल्या गटांना दोन गोष्टी उद्यापासून करता येतील. शिबिरात पाळीची तारीख लिहून ठेवायला शिकवा आणि धोक्याची लक्षणं पाठ करून घ्या: तासाला दोन मोठ्या घड्या सलग दोन तास, ताप, चक्कर, एकाच बाजूची कळ. आणि आपल्या मदतीच्या फोनवर बसणाऱ्या प्रत्येकीला हो-नाहीचे प्रश्न विचारायचा सराव द्या. दोघींनी समोरासमोर बसून करून पाहावा. वाटतो तितका तो सोपा नाही.

ती मैत्रीण मागच्या वर्षी भेटली. आता तिचा स्वतःचा फोन आहे, बचतगटाच्या पैशातून घेतलेला. माझा नंबर त्यात अजून 'आई' नावानंच आहे. मी म्हटलं, "बदल की आता." ती म्हणाली, "राहू दे. कुणाला तरी पुन्हा लागेल."

आपल्या गटाकडे असे अनुभव असतील तर लिहून कळवा, नावं न घालता. पुढच्या अंकात त्यावर एकत्र चर्चा करू.